पुढे आई, मागे मी

मंगळवार, ७ एप्रिल

तयारी ठेव म्हणे!

दुपारी त्याचा मेसेज आला. "१८ तारखेला येतोय. आईला कायमचं माझ्याकडे घेऊन जातो. तिची तयारी ठेव." बस, एवढंच. जणू आई म्हणजे ड्रायक्लीनिंगला टाकलेला कोट. पावती दाखवली की मिळाला!

चार वर्षांपूर्वी हा दुसऱ्या शहरात दुसरा संसार मांडायला निघाला, तेव्हा आईंनी दारातच सांगितलं होतं, "जातोयस तू. मी कुठेही जात नाहीये." आणि नाहीच गेल्या. घटस्फोटाचे कागद हातात पडले त्या दिवशी मी घरी आले, तर सूप तयार होतं. कोर्टात काय झालं, एका शब्दाने विचारलं नाही. "मीठ बघ गं, जास्त झालंय का," एवढंच म्हणाल्या. जास्त झालं होतं. मी दोन वाट्या प्यायले.

पोटच्या मुलाला सोडून सुनेजवळ राहिलेली सासू मी तरी दुसरी पाहिलेली नाही. आणि आता कागदावर मी सूनही नाही. मग "जाऊ नका" म्हणायचा हक्क मला आहे का? तो मुलगा आहे. मी कोण?

मेसेज दाखवला. आईंनी लांबचा चष्मा कपाळावर चढवला, जवळचा शोधला. (बायफोकल मी स्वतः करून दिलाय. तो कपाटात सुखात आहे!) वाचून "हं," म्हणाल्या आणि बटाटे सोलायला घेतले.

हं म्हणजे काय?

बुधवार, ८ एप्रिल

चष्म्याच्या दुकानात बावीस वर्षं मी दिवसभर एकच प्रश्न विचारत आलेय. नाकावर ट्रायल फ्रेम चढवायची, भिंग टाकायचं — "हे बरं दिसतंय, की हे?" भिंग बदलायचं, पुन्हा तेच. अनोळखी माणसांना दिवसाला दोनशे वेळा विचारते. घरी एका बाईला विचारता येत नाही — इथे बरं वाटतं, की तिथे?

आज एक मुलगी गॉगल घेऊन आली, नाकावरची पॅड तुटलेली. उन्हाने रापलेली, गळ्यात शिट्टी. म्हणाली, "मी बंदरात सकाळची टूर काढते. सूर्योदय पाण्यातून बघायचा." जाताना काउंटरवर पत्रकं ठेवून गेली. वर हा एवढा मोठा सूर्य, खाली 'आपलं बंदर, पाण्यावरून.'

मला एकदम आईंचं आठवलं. त्या बत्तीस वर्षं बंदराच्या ऑफिसात टायपिस्ट होत्या. कुठल्या जहाजात काय माल, किती पेट्या, कुठल्या धक्क्यावर — सगळ्या याद्या यांच्या बोटांखालून गेल्या. पण बंदर? "खिडकी होती की," त्या सांगतात, "तिच्यासमोर गोदामाची भिंत होती."

संध्याकाळी फोन करून रविवारची दोन तिकिटं सांगून टाकली. जायचंच असेल तर जाऊ देत. पण जाण्याआधी एक गोष्ट तरी त्यांच्या मनासारखी होऊ दे. निदान एवढं तरी माझ्या हातात आहे.

गुरुवार, ९ एप्रिल

सांगितलं. "होडीत? या वयात? काहीतरीच!" — आणि अर्ध्या तासाने स्वेटर काढून त्याची बटणं घट्ट करत बसल्या होत्या. मला हसूही आलं आणि गलबलूनही.

शुक्रवार, १० एप्रिल

राहवलं नाही. जेवणाच्या सुट्टीत दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन त्याला फोन लावला. म्हटलं, चार वर्षं आई आठवली नाही, आत्ताच कसा पुळका आला? तिचं गुडघ्याचं दुखणं, तिच्या गोळ्या, ती रेडिओ लावल्याशिवाय झोपत नाही — यातलं काय माहितेय तुला? आयत्या बिळावर नागोबा! तोंडाला येईल ते बोलले. चष्म्याच्या पेट्यांवर धूळ होती, एकीकडे ती पुसत होते आणि बोलत होते.

सगळं ऐकून तो म्हणाला, "तू आईलाच विचार ना."

पळपुटा! आधीही असाच होता. प्रश्न विचारला की हा दुसऱ्याकडे बोट दाखवणार.

शनिवार, ११ एप्रिल

माळ्यावरची मोठी निळी बॅग आईंच्या पलंगावर आली आहे. कधी काढली, कशी काढली — स्टुलावर चढल्या असणार, त्र्याहत्तराव्या वर्षी! — मला पत्ता नाही. अर्धी भरलेली. मला पाहून त्यांनी वर चादर ओढली.

म्हणजे ठरलं.

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. दोन मिनिटांत बाहेरून आवाज — "पाणी वाया घालवू नकोस." चोवीस वर्षं एका घरात राहिल्यावर माणसाला रडायचीही सोय उरत नाही.

रविवार, १२ एप्रिल

हात भरून आलेत, अक्षर कसंही येणार. पण आजचं आजच लिहायला हवं.

पहिली गोष्ट — कयाक म्हणजे काय, हे मी वाचलंच नव्हतं! मला वाटलं बाकं असतील, वर छत असेल, कुणीतरी चहा आणून देईल. पहाटे अंधारात धक्क्यावर पोचलो तर पाण्यात तरंगत होत्या पाच लांबोडक्या प्लास्टिकच्या शेंगा. एकेका शेंगेत दोन भोकं. बसायला! लोकांना वाचता यावं म्हणून चष्मे देणारी मी, आणि पत्रकावरच्या बारीक अक्षराकडे बघितलंही नाही.

"आई, चला घरी," म्हटलं.

"आलोय ना आता," त्या म्हणाल्या. माझी ट्रॅकपँट घातली होती त्यांनी, नाडी दोनदा गुंडाळून. शिट्टीवाल्या मुलीने त्यांच्याकडे पाहिलं आणि तिचाच चेहरा पडला.

"आजी, पोहता येतं?"

"नाही."

"पाण्याची भीती?"

"पाण्याची नाही. थंडीची आहे."

मुलगी हसली. म्हणाली, हे जॅकेट घातलं की बुडायचं म्हटलं तरी बुडता येत नाही. "मग झालं तर," आई म्हणाल्या, "मला कुठे बुडायचंय."

मग फॉर्म. नाव, वय, आजार — आणि खाली, 'सोबतच्या व्यक्तीशी नातं'. माझं पेन तिथे अडलं. मुलाने सोडलेल्या बायकोची सासू — याला काय म्हणतात? माजी सासू? मागे उभे असलेले लोक चुळबुळ करायला लागले. आईंनी फॉर्म माझ्या हातातून घेतला, जवळचा चष्मा लावला आणि टायपिस्टच्या त्या सुबक अक्षरात लिहिलं — 'घरच्या'. आणि पुढच्या माणसाकडे पेन सरकवून मोकळ्या.

बसायचं कसं तर एक पुढे, एक मागे. पुढच्याने ताल धरायचा, मागच्याने तो पाळायचा. मागच्याच्या पायाशी दोन पेडल, त्यांनी सुकाणू वळतं. "वजनदार व्यक्ती मागे," शिट्टीवाली म्हणाली. "ही मागे," आई ताबडतोब म्हणाल्या. इतकी घाई करायची गरज नव्हती!

पहिली दहा मिनिटं नुसता गोंधळ. माझं वल्हं त्यांच्या वल्ह्यावर आपटायचं, पेडल उलटं दाबलं जायचं, बाकीच्या चार होड्या सरळ रांगेत आणि आम्ही आडव्या. पण आईंचा हात बसला. एकसारखा. डावं, उजवं, डावं, उजवं — ना घाई, ना ढिलाई. बत्तीस वर्षं टाइप केलेलं त्या खांद्यांत अजून आहे. मी फक्त त्यांच्या कोपरांकडे बघत राहिले आणि तसंच करत राहिले. मग होडी सरळ जाऊ लागली.

पाणी राखाडी आणि तुकतुकीत होतं. डिझेलचा वास, ओल्या दोरखंडांचा वास. क्रेनवर लाल दिवे. एका मोठ्या जहाजाच्या अगदी जवळून गेलो — नुसती लोखंडी भिंत, गंजलेली, वर वर जाणारी. कठड्याशी कुणी खलाशी दात घासत उभा होता. आईंनी वल्हं उंचावून त्याला नमस्कार केल्यासारखं केलं, त्याने ब्रश उंचावला!

शिट्टीवाली माहिती देत होती. "ही लाल विटांची इमारत म्हणजे जुनं कस्टम ऑफिस."

"नाही गं बाळ," पुढून आवाज. "तो वजनकाटा. कस्टम त्याच्या पलीकडे. आग लागली होती, मग हलवलं."

"आजी, खरंच? दोन वर्षं मी लोकांना चुकीचं सांगतेय!"

त्यानंतर टूर आईंच्या हातात गेली. चौथ्या धक्क्यावर धान्य, सातव्यावर लाकूड, नवव्यावर कोणी जायला तयार नसायचं कारण तिथे खत उतरायचं. ज्या जागा आयुष्यभर फक्त कागदावर टाइप केल्या, त्या सगळ्या पाठ होत्या. बाकीच्या चारही होड्या जवळ येऊन ऐकत होत्या. माझी छाती अभिमानाने अशी फुगली की जॅकेट काचायला लागलं.

आणि मग त्या थांबल्या. वल्हं मांडीवर आडवं. "ते माझं ऑफिस. तिसरा मजला, डावीकडून पाचवी खिडकी." मी पाहिलं. खिडकीसमोर काहीच नव्हतं, थेट पाणी. "भिंत पाडलीये गं!" त्या म्हणाल्या. "मी निवृत्त झाले, आणि मेल्यांनी मग भिंत पाडली!" इतक्या मोठ्याने हसल्या की पक्षी उडाले.

तेवढ्यात सूर्य आला. दोन क्रेनच्या मधून. त्याचं वर्णन करत नाही, मला जमणार नाही. आईंचे पांढरे केस कडेने लाल झाले होते आणि मला वाटलं, हे बघायला मिळालं, पुरे. खरंच पुरे.

परतताना झालं ते. डावीकडून जहाजं ओढणारी एक टगबोट भरकन गेली आणि तिच्या मागून लाटा. लांबून पाहिलं तर काही नाही, पण आम्ही बसलो होतो पाण्याच्या पातळीवर! शिट्टी वाजली. "लाटेला नाक दाखवा! पाठ नको!" मी भलतंच पेडल दाबलं, होडी आडवी झाली, कलली, गार पाणी मांडीवर आलं आणि मी किंचाळले —

"आई गं!"

ठेच लागली तरी माणूस तेच ओरडतं, चटका बसला तरी तेच. ती काही कुणाला मारलेली हाक नसते. पण आईंनी वल्हं न थांबवता, मान न वळवता ओ दिली.

"काय गं?"

इतकी साधी. स्वयंपाकघरातून द्यावी तशी. "उजवं दाब, उजवं," त्या म्हणाल्या. मी दाबलं. होडी वळली, लाटेवर चढली, उतरली, परत चढली, उतरली. मग पाणी सपाट.

चोवीस वर्षांत मी त्यांना 'अहो आई' सोडून दुसरी हाक मारलेली नाही. 'गं' फक्त माझ्या आईला, आणि ती जाऊन अकरा वर्षं झाली. मी गडबडले. "सॉरी आई, तुम्हाला नाही म्हटलं, मी आपली घाबरून—"

"कळलं मला. पण मी ओ दिली ना? आता परत घेऊ नकोस."

बाकीच्या होड्या पुढे गेल्या होत्या. मला तिची पाठ दिसत होती. जॅकेटखाली तो स्वेटर, मानेवर ओले केस. तोंड दिसत नसलं की बोलणं किती सोपं जातं! आठवडाभर न बोललेलं एका दमात बाहेर पडलं.

"जाऊ नकोस."

'नकोस' म्हटलं मी. 'नका' नाही.

एक ठोका चुकला. फक्त एक. डावं वल्हं हवेत थांबलं, त्याच्या टोकावरून पाणी गळत राहिलं. मग ते पाण्यात गेलं. "वल्हव," आई म्हणाली. "सगळे पुढे गेले."

त्यावर दिवसभरात एक अक्षर नाही. घरी येऊन आंघोळ केली, जेवली, झोपली.

बघ, लिहितानाही 'म्हणाली', 'जेवली' येतंय. येऊ दे.

सोमवार, १३ एप्रिल

खांदे गेले कामातून. एका गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम चढवताना "आई—" निघालं, पुढचं गिळलं.

उत्तर नाहीच. दार लोटून बॅग भरणं चालू आहे. "मदत करू का?" विचारलं, तर म्हणे, "तुला नाही कळायचं त्यातलं." वाईट वाटलं. मग दुपारी दुकानात गर्दी नव्हती, काचा पुसताना विचार केला — मी मागितलं, ते मागायला चार वर्षं लागली, पण मागितलं. नाही मिळालं तरी तक्रार कशाला करू? लग्न करून मला जे मिळालं, त्यातलं टिकाऊ काय निघालं? ती. नवऱ्यापायी सासू सोसावी लागते असं म्हणतात लोक. माझं उलटं झालं, नवऱ्यामुळे ती मिळाली. त्याचे तेवढे उपकार आहेत माझ्यावर. हे त्याला कधी सांगणार नाही!

गेली तर दर महिन्याला भेटायला जाईन. त्याच्या दारात जाऊन उभी राहीन, त्याला आवडो न आवडो.

बुधवार, १५ एप्रिल

शिट्टीवाली दुकानात आली होती. आईने सांगितलेलं सगळं वहीत उतरवून घेतलंय, आणखी विचारायचंय म्हणे. "आजी पुन्हा येतील का?" मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नाही.

शुक्रवार, १७ एप्रिल

बॅग दाराशी येऊन उभी. उचलून पाहिली — हलत नाही! हिच्या कपड्यांना एवढं वजन कुठून आलं?

संध्याकाळी दोघींनी चहा घेतला. ती रेडिओची बॅटरी बदलत होती. मी म्हटलं, "आई, तिथे तुला—" आणि पुढे काही सुचेना. ती म्हणाली, "उद्या त्याला जेवायला थांबव. उपाशी नको जायला." मी हो म्हटलं. मुलगाच तो तिचा.

शनिवार, १८ एप्रिल

अकराला आला. जाड झालाय. खुर्चीच्या कडेवर बसला, पाहुण्यासारखा. चष्म्याची एक काडी वाकडी. माझे हात शिवशिवले, पण मी स्वयंपाकघरात गेले.

जेवण झालं. तो उठून बॅगेकडे गेला, वाकून उचलायला लागला, तर आई म्हणाली, "सांभाळून. तुझी बक्षिसं आहेत त्यात, फुटतील."

"माझी?"

"शाळेतले कप, तुझी पुस्तकं, तुझ्या बाबांचा ओव्हरकोट, त्यांचं घड्याळ. किती वर्षं माझ्या कपाटात जागा अडवून बसलंय सगळं. घेऊन जा एकदाचं."

"आणि तुझं सामान?"

"माझं सामान कपाटात आहे. आता नीट लावता येईल."

मी हातात ताटं घेऊन तशीच उभी. तो तिच्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता हा आवाज चढवणार. चढवला नाही. "नक्की ना, आई?" एवढंच विचारलं. ती म्हणाली, "नक्की. तू येत जा. फोन करून येत जा, म्हणजे जेवायला काहीतरी असेल." तो हसला, अगदी सुटल्यासारखा. बॅग उचलली, जिना उतरला.

मी ताटं खाली ठेवली आणि तिच्या गळ्यात पडून रडले. अठ्ठेचाळीस वर्षांची घोडी, भर दुपारी, दार सताड उघडं. ती पाठीवर थापटत म्हणाली, "अगं, नाही म्हणायला आठवडा लागला, कारण माझं वचन होतं." कसलं वचन, विचारलं, तर म्हणे, "आहे एक. भांडी घास."

देवा, मी कुणाचे आभार मानू? आज सगळ्यांचेच मानते.

रविवार, १९ एप्रिल

सकाळी त्याचा फोन. आई अंघोळीला गेली होती. म्हटलं, आता भांडण. पण तो म्हणाला —

"एक सांगून टाकतो. मी न्यायला येणारच नव्हतो. मार्चमध्ये तिनेच फोन केला. म्हणाली, 'मला घेऊन जा. सून अजून पन्नाशीचीही नाही, माझ्यामुळे कुठे जात नाही, कुणाला घरी बोलावत नाही. मी सांगितलं तर मला सोडणार नाही, म्हणून न्यायचं तूच म्हण.' हे तुला सांगणार नाही असं माझ्याकडून वचन घेतलं तिने, आणि मागे फिरणार नाही असं मला दिलंही. मग तू फोनवर बोलत होतीस तेव्हा मी काय सांगणार?"

दहा तारखेला मी जे जे बोलले, ते त्याने मुकाट ऐकून घेतलं होतं. तिच्यासाठी. आणि थोडं माझ्यासाठीही.

मी त्याला थँक्यू म्हटलं. चार वर्षांत पहिल्यांदा.